मास्तर कोठारात गेले होते की नाही

इस्पितळाच्या तळघरात शिवणखोली आहे आणि शिवणखोलीत मास्तर आहेत. वरच्या मजल्यांवर डॉक्टर बदलले, मालक बदलले, भिंतींना कितीदा तरी नवा रंग लागला, पण कोट उसवला की ‘मास्तरांकडे जा’ हे उत्तर काही बदललं नाही. नर्सांचे कोट, शस्त्रक्रियेच्या वेळचे हिरवे पायजमे, रुग्णांचे मागून बंद बांधायचे झगे, सगळं मास्तरांच्या हातचं. वय झालं तसं काम हलकं करून घेतलं. सकाळी यायचं, दुपारी डबा खायचा, कापणीच्या टेबलावर घटकाभर आडवं व्हायचं, उठून चार काजं करायची आणि नातीची शाळा सुटायच्या आत शाळेच्या फाटकाशी हजर व्हायचं.

हे शेवटचं काम सगळ्यात महत्त्वाचं. जावई जहाजावर नोकरीला, घरी असला तर पाहुण्यासारखा. लेक संध्याकाळी उशिरा येते. मास्तरांची बायको जाऊन बरीच वर्षं झाली. तेव्हा पहिलीतली नात आबांचं बोट धरून घरी येते, या एका गोष्टीवर त्या घराचा गाडा चालतो. वाटेत ती शाळेतल्या सगळ्या भांडणांचा निकाल आबांकडून लावून घेते. मास्तर प्रत्येक वेळी तिच्याच बाजूनं निकाल देतात. त्या वाटेवर मास्तरांइतका सुखी माणूस शोधून सापडायचा नाही.

आता चिपचं सांगतो. मास्तरांचं आणि कार्डाचं कधी जमलं नाही. इस्पितळात दारोदार कार्ड दाखवावं लागे. मास्तर ते दातात धरत, कापडाच्या घडीत विसरत, माप घेता घेता समोरच्या माणसाच्याच खिशात ठेवून देत. एकदा तर त्यांनी ते एका डॉक्टरीणबाईंच्या कोटाच्या अस्तरात शिवून टाकलं. बाई कोट घालून घरी गेल्या आणि मास्तर तळघराच्या दाराबाहेर टकटक करत राहिले. त्यामुळे ज्यांना हवं त्यांच्या हातात कार्डाऐवजी चिप बसवू, अशी योजना इस्पितळानं काढली तेव्हा सगळ्यांच्या आधी मास्तरांनी हात पुढे केला.

चिप विकायला आलेला गृहस्थ मोठा बोलका होता. ‘कार्ड चोरीला जातं, किल्ली चोरीला जाते, हात कसा चोरणार?’ असं तो म्हणाला आणि सगळा हॉल हसला. मला विचाराल तर जिथे सगळा हॉल एकदम हसतो तिथे कुणीतरी जागं राहायला हवं. पण वरच्या साहेबांना ते वाक्य इतकं आवडलं की तळघरातले कॅमेरेसुद्धा त्यांनी काढून टाकले. दोन-दोन खर्च कशाला?

तांदळाच्या दाण्याएवढी ती चिप. अंगठा आणि तर्जनी यांच्यामधल्या मऊ जागेत जाड सुईनं आत सोडायची. इतर मंडळी डोळे मिटून बसली होती. मास्तरांनी मात्र वाकून पाहिलं आणि नर्सला विचारलं, “सुई कितव्या नंबरची?” तिला ते सांगता आलं नाही. मास्तरांना हे मुळीच आवडलं नाही.

पण पुढे सगळं अंगवळणी पडलं. दाराशेजारच्या काळ्या डबीसमोर हात धरायचा, हिरवा दिवा लागायचा, खटका पडायचा. घरी नात कपाटाआड लपून तोंडानं ‘टुक’ असा आवाज काढी आणि आबांनी हात दाखवला की आतून कपाट ढकलून उघडी. हा खेळ दिवसातून कितीदा व्हायचा याला काही सुमार नव्हता.

एके दिवशी सकाळी इस्पितळाचे सुरक्षा अधिकारी शिवणखोलीत आले. तरणाबांड पण फार मऊ बोलणारा माणूस. स्टुलावर बसले, इकडचं तिकडचं बोलले आणि मग म्हणाले, “काका, रागावू नका. तुम्ही दुपारी हत्यारांच्या कोठारात कशाला जाता?”

हत्यारांचं कोठार म्हणजे शस्त्रक्रियेची उपकरणं ठेवायची खोली. शिवणखोलीपासून चार दारं पुढे. तळघरातल्या माणसाला तळघरातली सगळी दारं, असा सरसकट हिशेब कुणीतरी कधीतरी लावून टाकला होता, म्हणून मास्तरांच्या हातानं ते दार उघडलं असतं. पण तिथे जायचं त्यांना आजवर कारणच पडलं नव्हतं.

“मी? कोठारात? छे.”

“नोंद आहे काका. जेवणाच्या सुट्टीत. एकदा नाही, पुष्कळदा.”

“जेवणाच्या सुट्टीत मी इथे झोपतो. या टेबलावर.”

“कुणी बघितलंय?”

मास्तर विचारात पडले. झोपलेल्या माणसाला कोण बघत बसतो?

कोठारातल्या महागड्या हत्यारांच्या काही पेट्या नाहीशा झाल्या होत्या. पण अधिकाऱ्यांनी हे सांगतानाच मास्तरांच्या खांद्यावर हात ठेवला. “तुम्ही चोर आहात असं कुणीही म्हणणार नाही. मी तर नाहीच नाही. तुम्ही आपले चुकून जात असाल. दार नीट लागत नसेल, मागून दुसरं कुणी शिरत असेल. आठवून बघा.”

इथेच खरं घोडं अडलं. कुणी ‘चोर’ म्हटलं असतं तर मास्तर भांडले असते, आणि मास्तर भांडायला लागले की कात्री हातातून काढून घ्यावी लागते. पण त्यांना कुणी चोर म्हणेना. धुलाईच्या बाई म्हणाल्या, “मास्तरांनी असं करणं शक्यच नाही, बिचारे विसरत असतील.” वरचे साहेब म्हणाले, या वयात होतं असं. मास्तर चोर नाहीत यावर सगळ्यांचं एकमत आणि चिप खोटं बोलत नाही यावरही सगळ्यांचं एकमत. मग मधे उरलं काय? मास्तरांचं डोकं. सगळ्यांनी अगदी प्रेमानं बोट तिकडे दाखवलं. त्या प्रेमळ मंडळींचा मला आजही राग येतो.

आणि मास्तरांना स्वतःलाही त्या डोक्याची हमी देता येईना. त्यांचे वडीलही शिंपी होते. म्हातारपणी त्यांनी एका शर्टाला तीन बाह्या लावल्या होत्या. मास्तर तेव्हा पोटभर हसले होते आणि मग बाहेर जाऊन रडले होते. पुढे वडील आपल्याच घराचा जिना उतरून ‘मला घरी सोडा’ असं येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत उभे राहायचे. ते सगळं मास्तरांनी जवळून बघितलं होतं. सुरुवात कशी झाली होती? वडिलांनाही कळलं नव्हतं. ‘मी नाही विसरत, तुम्हीच विसरता’ असं ते छातीठोकपणे सांगायचे.

मास्तर तर त्यांच्याहून शहाणे. त्यांनी ठरवलं, आपण हट्ट करायचा नाही.

अधिकारी त्यांना कोठारात घेऊन गेले. जागा बघून काही आठवतंय का, ते पाहायला. आत गारवा होता, कसलीशी घरघर ऐकू येत होती, मांडण्यांवर स्टीलच्या पेट्या ओळीनं लावलेल्या. अधिकारी विचारत होते, “इथून आलात का? या मांडणीकडे गेलात का?” मास्तर मनापासून आठवू लागले. काहीच आठवेना. अधिकाऱ्यांचा चेहरा पडला. मास्तरांना त्याचं वाईट वाटलं. एवढा भला माणूस, आपल्यासाठी वेळ काढून आलाय.

दुसऱ्या दिवशी डबा खाता खाता मास्तरांना काहीतरी दिसलं. कोठाराचं दार आणि त्यावर आपला हात. मग रोज थोडं थोडं दिसू लागलं. अंधार होता. बटण चाचपावं लागलं. पाय गार पडले, म्हणजे चपला टेबलाखालीच राहिल्या असणार. एक पेटी उचलून पुन्हा खाली ठेवली, तेव्हा आत काहीतरी खुळखुळलं. हे तर अधिकाऱ्यांबरोबर गेलो तेव्हा झालंच नव्हतं. तेव्हा दिवे लागलेले होते, पायांत चपला होत्या. मग हे कधीचं? मास्तर बुचकळ्यात पडले, आणि खरं सांगायचं तर त्यांना थोडं हायसंही वाटलं. आठवलं, म्हणजे डोकं अजून अगदीच गेलेलं नाही.

त्या संध्याकाळी त्यांनी लेकीला सांगून टाकलं.

“मी गेलो होतो कोठारात. आठवलं मला.”

लेकीनं हातातलं ताट खाली ठेवलं. “नक्की?”

“अनवाणी गेलो होतो. पेटी उचलली होती. कशाला, ते नाही आठवत.”

सिंकपाशी जाऊन लेकीनं नळ सोडला आणि नुसती उभी राहिली. मग नळ बंद करून ती म्हणाली, “बाबा, रस्त्यात असं झालं तर? तिचा हात तुमच्या हातात असला आणि तुम्ही भलतीकडेच गेलात तर?”

मास्तरांना हा प्रश्न आधीच पडला होता. तो लेकीनं विचारू नये एवढीच त्यांची इच्छा होती.

दुसऱ्या दिवसापासून शेजारच्या काकू नातीला आणू लागल्या. नातीनं विचारलं, “आबा, तू का येत नाहीस? काकू भांडणं ऐकतच नाहीत, नुसतं हूं हूं करतात.” मास्तर म्हणाले, “काम वाढलंय गं.” आयुष्यभर नाकासमोर चाललेला माणूस, आणि नातीशी खोटं बोलायची पाळी आली. काम तर इतकं कमी झालं होतं की झालेली काजं उसवून ते पुन्हा करत बसायचे.

लेकीनं त्याच इस्पितळात वर स्मरणशक्तीच्या डॉक्टरांकडे वेळ घेतली. वेळ मिळाली दुपारची, जेवणाच्या सुट्टीतली. त्या दिवशी मास्तर टेबलावर आडवे झाले नाहीत. केस विंचरून, स्वच्छ शर्ट घालून वर गेले. परीक्षेला बसायचं म्हणजे नीटनेटकं जायला हवं.

डॉक्टरांनी महिने उलटे म्हणायला सांगितले. मास्तर एका जागी अडखळले, पुन्हा पहिल्यापासून म्हणू लागले. नातीच्या शाळेचं नाव विचारलं. ते सांगितलं. सकाळी काय खाल्लं, ते सांगितलं. लेक बाजूच्या खुर्चीवर ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत बसली होती. एवढ्यात दार उघडून सुरक्षा अधिकारी आत आले. धावत आले असावेत, धापा टाकत होते.

“काका इथे कधीपासून आहेत?”

“बराच वेळ झाला,” डॉक्टर म्हणाले. “का?”

अधिकारी खुर्चीवर बसले आणि दोन्ही हातांनी तोंड पुसलं.

झालं होतं असं. मास्तरांची चिप त्यांनी बंद केली नव्हती. केली असती तर मास्तरांना शिवणखोलीतही पाऊल टाकता आलं नसतं. उलट त्यांनी अशी सोय केली होती की मास्तर कोठारात शिरले की आपल्या फोनवर खूण यावी, म्हणजे धावत जाऊन त्यांना हाताला धरून परत आणता येईल. आज खूण आली. अधिकारी धावत खाली गेले, तर कोठारात तळघराचे दिवे दुरुस्त करणारा माणूस उभा. शिडी बाहेर, पिशवी उघडी, हातात एक कोरं पांढरं कार्ड. दिसायला कोरं, पण त्या कार्डावर मास्तरांच्या चिपचा नंबर भरलेला होता.

“कार्डावर? माझा नंबर तर इथे आहे,” मास्तरांनी हात वर करून दाखवला.

“त्यानं त्याची नक्कल केली काका. चिपजवळ छोटं यंत्र नेलं की चिप आपला नंबर सांगून टाकते. आपल्या दाराची डबी विचारते तशीच त्याच्या खिशातली डबी विचारते. कोण विचारतंय, याच्याशी या चिपला काही देणंघेणं नाही. तिला कुलूपच नाही.”

“पण मला कळलं कसं नाही?”

“तुम्ही झोपला होतात. हात टेबलाखाली लोंबत असतो म्हणे तुमचा. तो शिडी घेऊन आला, दिवा बदलला, निघून गेला.”

मास्तरांनी आपल्या हाताकडे पाहिलं. एवढी वर्षं या हातानं कुणाच्या मापाची बातमी दुसऱ्याला कळू दिली नव्हती. बाईंची कंबर वाढली, साहेबांची छाती घटली, सगळं पोटात ठेवलं. आणि हाच हात झोपेत चहाड्या करत होता.

“म्हणजे आता मी इथे होतो आणि दाराला वाटलं मी तिथे आहे?”

“हो.”

“दारानं तरी बघायला हवं होतं.”

“दार तुम्हाला ओळखत नाही काका. ते नंबर ओळखतं.”

“आणि याच्या आधी? तेव्हा मी गेलो होतो ना?”

“कधीच नाही. एकदाही नाही. त्यानं सगळं कबूल केलंय.”

मास्तर हळूच म्हणाले, “पण मला आठवतंय.”

अधिकाऱ्यांना तो विनोद वाटला. ते मोकळेपणानं हसले, डॉक्टर हसले आणि लेक तर हसता हसता रडायला लागली. तिचा जीव भांड्यात पडला होता. आता तिला कोण काय सांगणार?

कार्डाचा नंबर बाहेर फुटला की कार्ड फेकून देता येतं. इथे हात होता. दोन दिवसांनी डॉक्टरांनी तो जरासा कापून चिप बाहेर काढली आणि टाके घातले. मास्तरांनी टाके निरखून पाहिले. “फार दूर दूर घातलेत,” ते म्हणाले. अधिकारी म्हणाले, “काका, आता कुलूप असलेली चांगली चिप येणार आहे, ती घ्या.” मास्तर म्हणाले, “मला कार्डच द्या. अस्तरात शिवलं गेलं तर निदान उसवून काढता येईल.” बाकीच्यांच्या हातांत मात्र अजून जुन्याच चिपा होत्या. त्या बदलेपर्यंत याची वाच्यता करू नका, असं वरून सांगण्यात आलं. त्यामुळे धुलाईच्या बाई अजूनही मास्तरांशी जरा मोठ्यानं आणि सावकाश बोलत होत्या.

घरी आनंदीआनंद. लेकीनं माफी मागितली, दोनदा मागितली. नातीला सांगितलं, सोमवारपासून आबाच येणार. नातीनं साठलेली सगळी भांडणं बोटांवर मोजली. बोटं कमी पडली.

मास्तर हसत होते. पण रविवारी दुपारी अंथरुणावर पडले आणि डोळे मिटले, तर पुन्हा कोठार. गार फरशी, चाचपलेलं बटण, पेटीतली खुळखुळ. खोटं ठरलं म्हणून ते जराही पुसट झालं नव्हतं. मग त्यांनी खऱ्या गोष्टी आठवून पाहिल्या. लग्नाच्या दिवशी बायकोच्या हाताला लागलेला घाम. नात जन्मली तेव्हा काचेपलीकडून दिसलेली तिची मूठ. सगळं तितकंच स्पष्ट होतं, ना कमी ना जास्त. एकाच ताग्यातून फाडल्यासारखं. यातलं कोणतं घडलं आणि कोणतं कोठारासारखं, हे कसं ओळखायचं? नात जन्मली तेव्हा आपण खरंच तिथे होतो ना?

ते उठून लेकीकडे गेले.

“मी काय म्हणतो, काकूंनाच आणू दे अजून थोडे दिवस.”

“का? सगळं सिद्ध झालंय ना आता?”

“चिपचं झालंय. पण मी कोठारात गेलो नव्हतो, आणि ते मला आठवतं.”

“ते सगळ्यांनी मिळून तुमच्या डोक्यात भरवलं, बाबा. मीसुद्धा.”

“असेल. पण भरवलेलं कुठलं आणि झालेलं कुठलं, ते मला कळत नाहीये.”

लेकीनं त्यांचा टाके घातलेला हात हातात घेतला. “डॉक्टरांनी सांगितलंय, तुम्ही ठणठणीत आहात. आता पुरे. तिनं तुमची वाट बघायची आणि काकूंनी जायचं, हे मी नाही होऊ देणार.” मास्तरांनी मान हलवली. लेकीला पटवता येईल असं त्यांच्याकडे काही नव्हतं.

सोमवारी ते फाटकाशी उभे राहिले, नेहमीपेक्षा बरेच आधी. घंटा झाली आणि मुली लोंढ्यानं बाहेर आल्या. सगळ्यांचा निळा गणवेश, सगळ्यांच्या दोन वेण्या, सगळ्यांच्या पाठीला दप्तरं. मास्तर एकेक चेहरा न्याहाळू लागले. एक मुलगी “आबा” म्हणत धावत आली, कमरेला मिठी मारली आणि तिथल्या तिथे सुरू झाली, कुणी पेन्सिल घेतली, कुणी ढकललं, बाई कुणाला ओरडल्या. मास्तर तिच्याकडे बघत राहिले. नाक लेकीचं, हनुवटी जावयाची. आवाज ओळखीचा. त्यांना सगळं सगळं आठवत होतं, आणि नेमकी त्याचीच धास्ती वाटत होती.

तिचं बोट धरून ते घराच्या वाटेला लागले नाहीत. फाटकाच्या आत गेले. तिथे तिच्या वर्गाच्या बाई मुलांना ज्याच्या-त्याच्या माणसांकडे सोपवत उभ्या होत्या.

“बाई,” मास्तर म्हणाले, “ही माझी नात आहे ना?”

बाई हसल्या. “काय आजोबा, थट्टा करता? बिलगलीये की तुम्हाला.”

“ते झालं,” मास्तर म्हणाले. “तरी तुम्ही एकदा नीट बघून सांगा.”